मानेचे पहिले दोन मणके
रचनेतील भेद आणि शस्त्रक्रियेची सुरक्षितता

(नागरिक, वैद्यकीय विद्यार्थी व रुग्णालयीन कर्मचारी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



व्याख्यानमालेत सहसा शेती, पाणी, सहकार, शिक्षण असे विस्तृत विषय घेतले जातात. मुठीत मावतील एवढ्या दोन हाडांविषयी तासभर बोलण्याचे ठरविले तेव्हा, हा विषय सर्वसामान्य श्रोत्यांपुढे मांडावा काय, असा प्रश्न काहींनी विचारला. माझ्या मते तो अवश्य मांडावा. कारण या दोन हाडांतील एखादा लहानसा फरक शस्त्रक्रियेपूर्वी कोणाच्या ध्यानात आला की नाही, यावर एखाद्या कुटुंबातील कर्ता माणूस चालत घरी येणार की नाही, हे अवलंबून असू शकते.

मनुष्याच्या मानेत सात मणके असतात. जिराफाच्या मानेतही सातच असतात. परंतु आपल्या सात मणक्यांपैकी पहिले दोन हे बाकीच्या पाचांच्या घडणीचे नाहीत. पहिल्यास पाश्चात्त्य वैद्यक ‘ॲटलास’ म्हणते. खांद्यावर आकाश पेलून धरणाऱ्या ग्रीक पुराणपुरुषाचे हे नाव. आपल्याकडे ‘शिरोधर’ असा अन्वर्थक शब्द रूढ झालेला आहे. शिरोधर हे एक कडे आहे. इतर मणक्यांना असते तसे भरीव शरीर त्याला नाही आणि मागे टोचणारा काटाही नाही. पुढे एक कमान, मागे एक कमान आणि दोन्ही बाजूंस डोक्याचा भार घेणारे दोन जाड पिंड, एवढीच त्याची रचना. दुसरा मणका तो ‘ॲक्सिस’ अथवा अक्ष. त्याच्या शरीरातून दातासारखा एक खुंटा वर आलेला असतो. जात्याच्या खुंट्याभोवती वरची तळी फिरावी, तसे शिरोधराचे कडे या दंतप्रवर्धाभोवती फिरते. आपण ‘होय’ म्हणून मान डोलावतो तेव्हा मुख्यतः कवटी व शिरोधर यांच्यामधील सांधा हलतो. ‘नाही’ म्हणून मान फिरवितो तेव्हा मानेच्या एकंदर फिरण्यापैकी जवळजवळ निम्मे फिरणे या पहिल्या दोन मणक्यांमधील सांध्यात होते. एवढी मोकळीक शरीरातील दुसऱ्या कोणत्याही दोन मणक्यांना निसर्गाने दिलेली नाही. आणि मोकळीक अधिक म्हटली की निखळण्याचे भयही अधिक.

हे स्थान नाजूक आहे, हे आपल्या पूर्वसूरींना ठाऊक होते. सुश्रुताने शरीरातील १०७ मर्मांचे वर्णन केले आहे. त्यांतील कृकाटिका नावाची दोन मर्मे मस्तक व ग्रीवा यांच्या संधीवर असून तेथे आघात झाल्यास मस्तक अस्थिर होते, असे तो सांगतो. क्ष-किरण किंवा सूक्ष्मदर्शक नसताना केलेले हे निरीक्षण आहे.

शिरोधराच्या कड्यातील पोकळीचा हिशोब विद्यार्थ्यांना ‘तिघांच्या वाट्या’च्या नियमाने शिकवितात. अंदाजे एक तृतीयांश जागा दंतप्रवर्धाची, एक तृतीयांश मज्जारज्जूची आणि उरलेली एक तृतीयांश मोकळी. ही मोकळी जागा म्हणजे संकटकाळची शिल्लक. दंतप्रवर्धाला जागेवर दाबून धरणारा आडवा अस्थिबंध ढिला झाला वा तुटला, तर शिरोधर पुढे सरकतो आणि ही शिल्लक संपू लागते. ती संपली की मज्जारज्जूवर दाब येतो. हातापायांत मुंग्या, चालताना तोल जाणे, हाताची पकड सैल होणे, लुगड्याची निरी किंवा सदऱ्याची गुंडी नीट न जमणे, अशी याची सुरुवात असते. पुढे चारही अवयव निकामी होऊ शकतात. श्वसनाचे नियंत्रण करणारी लंबमज्जा अगदी वरच असल्यामुळे एखाद्या धक्क्याने मृत्यूही येतो. अशा वेळी हे दोन मणके एकमेकांस पक्के जोडून टाकणे हाच उपाय उरतो.

येथपर्यंत जे सांगितले ते पाठ्यपुस्तकातील. पाठ्यपुस्तकात एकच चित्र असते. निसर्ग मात्र एकाच साच्यातून हाडे काढीत नाही. शरीररचनाशास्त्र विभागातील शिरोधर मणक्यांची पेटी उघडून ते ओळीने मांडले, तर दोन हाडे हुबेहूब सारखी सापडणे कठीण. यांतील बहुतेक फरक म्हणजे आजार नव्हेत. ते बाळगणारा माणूस ऐंशी वर्षे निरोगी जगतो आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो. शस्त्रक्रियेच्या टेबलावर मात्र तोच फरक घातक ठरू शकतो. याचे कारण एका रक्तवाहिनीत आहे, म्हणून तिचा मार्ग आधी पाहू.

तिचे नाव कशेरुक रोहिणी. छातीच्या वरच्या भागात, हाताकडे जाणाऱ्या मोठ्या रोहिणीपासून ती निघते. मानेच्या मणक्यांच्या आडव्या फाट्यांना छिद्रे असतात. बहुतेक माणसांत ती सहाव्या मणक्याच्या छिद्रात शिरते आणि एकेका छिद्रातून सरळ वर चढत जाते. दुसऱ्या मणक्यात ती बाहेरच्या बाजूस वळते, शिरोधराच्या छिद्रातून वर येते आणि तेथे एकदम काटकोनात मागे वळून त्याच्या मागील कमानीवरील एका खोबणीत आडवी विसावते. मग पुन्हा वर वळून, मज्जारज्जूचे आवरण भेदून, कवटीच्या तळाच्या मोठ्या छिद्रातून आत जाते. आत गेल्यावर उजवी व डावी अशा दोन्ही रोहिणी एकत्र येऊन मेंदूचा देठ, लहान मेंदू आणि मोठ्या मेंदूचा मागचा भाग यांना रक्त पुरवितात. मान सर्व दिशांना फिरली तरी ताण पडू नये म्हणून ही वळणे आहेत. सोय म्हणून ती उत्तम आहेत, पण मणक्यात स्क्रू बसविणाऱ्या शल्यचिकित्सकाला याच वळणांशेजारून हत्यार न्यावे लागते.

आता मुख्य भेद. शिरोधराच्या मागील कमानीवर जी खोबण सांगितली, तिच्यावरून काही माणसांत हाडाची एक बारीक कमान तयार झालेली असते. लॅटिनमध्ये तिला ‘पाँटिक्युलस पोस्टिकस’, म्हणजे मागचा लहान पूल, असे नाव आहे. पुलाखालून पाणी वाहावे तशी त्याखालून रोहिणी जाते. काहींत हा पूल पूर्ण असतो, काहींत अर्धवट, म्हणजे दोन्ही काठांवरून किंवा एकाच काठावरून नुसता पुढे आलेला. कधी दोन्ही बाजूंस, कधी एकाच. निरनिराळ्या पाहण्यांत प्रमाण कमीअधिक दिसते, पण ढोबळ मानाने सहा-सात माणसांमागे एकाच्या मानेत तो असतो. म्हणजे या सभागृहातील प्रत्येक रांगेत एखाददुसरा असण्यास हरकत नाही. आपणांपैकी जे शेतकरी आहेत त्यांना हेही सांगतो की, बैलाच्या किंवा घोड्याच्या शिरोधर मणक्यास या ठिकाणी पूर्ण बंद छिद्रच असते. तेव्हा याला विकृती म्हणण्याचे कारण नाही. केवळ पूल दिसला म्हणून तो काढावयास धावण्याचेही कारण नाही.

मग धोका कोठे? शिरोधराच्या पार्श्वपिंडात स्क्रू बसविण्याचा एक मार्ग मागील कमानीतून जातो. स्क्रूची जाडी बहुधा साडेतीन मिलिमीटर. तेव्हा रोहिणीच्या खोबणीखाली कमानीची जाडी निदान चार मिलिमीटर तरी हवी. बऱ्याच माणसांत ती तेवढी नसते. आता पूल असलेली मान उघडली असता शल्यचिकित्सकाला काय दिसते? मांस बाजूला सारले की एक चांगली रुंद, भक्कम कमान समोर येते. हाताला हाड कठीण लागते. त्याला समाधान वाटते की येथे स्क्रू निर्धास्त बसेल. परंतु जी रुंदी त्याला दिसते तिच्यातील वरचा भाग पुलाचा आहे आणि त्याच्या पोटात रोहिणी आहे. छिद्रणयंत्र तेथे चालविले की ते थेट रक्तवाहिनीत जाते. हा भ्रम अकुशल माणसालाच होतो असे नव्हे. कुशल हातालाही तो होऊ शकतो, कारण डोळा व बोट दोघेही एकच खोटी साक्ष देतात. या सापळ्याविषयी २००५ साली वैद्यकीय नियतकालिकातून स्पष्ट इशारा दिला गेला. त्यानंतर शस्त्रक्रियेपूर्वी पूल शोधण्याची शिस्त अधिक पसरली.

दुसरा महत्त्वाचा भेद अक्ष मणक्यात. येथे रोहिणी बाहेर वळताना मणक्याच्या हाडात आतून एक पोकळी कोरते. काही माणसांत ही पोकळी नेहमीपेक्षा वर व आतल्या बाजूस सरकलेली असते. वैद्यकात तिला ‘उंच चढलेली रोहिणी’ म्हणतात. तशी असली की पोकळीवर उरलेले हाड पातळ पडते. पाच मिलिमीटर किंवा त्याहून कमी उंचीचे हाड उरले तर तेथे स्क्रूला सुरक्षित वाट नाही असे समजतात. निदान एका बाजूस असा प्रकार असणारी माणसे सुमारे पाचांत एक आढळतात. हा भेद बाहेरून दिसतच नाही. मणक्याचा पृष्ठभाग नेहमीसारखाच असतो. फार काय, मणका हातात घेऊन वरून पाहिला तरी कळत नाही. उलटा करून खालची पोकळी पाहावी लागते, आणि जिवंत माणसाचा मणका उलटा करता येत नाही.

बाकीचे भेद थोडक्यात सांगतो. शिरोधराची मागची कमान मध्यभागी न सांधता तशीच राहिलेली असते. हे प्रमाण शंभरांत चारांच्या आसपास. अपघातानंतर काढलेल्या चित्रात ही फट अस्थिभंगासारखी भासते आणि विनाकारण उपचार होतात. उलट, शस्त्रक्रियेत तेथे हाड आहे असे समजून हत्यार दाबले तर ते फटीतून आत मज्जारज्जूकडे जाते. अक्षाचा दंतप्रवर्ध कधी मूळ मणक्यापासून सुटा राहतो, आणि असा सुटा खुंटा कड्याला आवरून धरू शकत नाही. लहान मुलांत तर दंतप्रवर्धाच्या तळाशी कूर्चेची रेषा सहाएक वर्षांपर्यंत दिसते आणि शेंड्याचे हाड बाराव्या वर्षाच्या सुमारास जुळते. त्यांच्या चित्रातील प्रत्येक रेषेला मोड समजू नये.

तिसरा मोठा भेद असा की, शिरोधर कवटीच्या तळाला जन्मतःच चिकटलेला असतो. यासोबत दुसरा व तिसरा मणकाही पुष्कळदा एकमेकांत जुळलेले असतात. अशा व्यक्तीची मान आखूड आणि मागील केसांची रेषा खाली उतरलेली दिसते. वरचा सांधा बंद, खालचा बंद, म्हणून मधल्या एकाच सांध्यावर सगळा ताण पडतो आणि तो वर्षानुवर्षांच्या हालचालीने सैल होत जातो. या विकारसमूहाच्या अभ्यासात मुंबईचा वाटा अभिमानास्पद आहे. १९६४ मध्ये भरुचा व दस्तूर यांनी कवटी व मान यांच्या संधिस्थानातील ४० रुग्णांचा वृत्तांत ‘ब्रेन’ या इंग्लंडातील नियतकालिकात प्रसिद्ध केला. १९६७ मध्ये त्याच नियतकालिकात डॉ. नोशीर वाडिया यांनी जन्मजात निखळलेल्या शिरोधरामुळे मज्जारज्जूवर परिणाम झालेल्या २८ रुग्णांचे विवेचन केले. शल्यचिकित्सकाने याबाबत लक्षात ठेवावयाचे ते हे की, जेथे हाडांची घडण जन्मतः बिघडलेली असते तेथे रोहिणीचा मार्गही पुष्कळदा वेगळा असतो. ती शिरोधराच्या कमानीवरून न जाता खालून, नेमकी सांध्याच्या पाठीमागून, जाऊ शकते. म्हणजे जेथे सांधा उघडण्यासाठी हत्यार जाणार, तेथेच ती आडवी असते. ज्याला शस्त्रक्रियेची सर्वांत अधिक गरज, त्याच रुग्णात वाट सर्वांत अवघड, असा हा प्रकार आहे.

हे मणके जोडण्याच्या पद्धतींचा इतिहासही या भेदांच्या ओळखीशी निगडित आहे. १९१० मध्ये मिक्स्टर व ऑस्गुड यांनी जाड रेशमी दोऱ्याने शिरोधर अक्षाला बांधला. १९३९ मध्ये कॅनडाच्या गॅली यांनी तार व हाडाचा तुकडा वापरला. तारेची पद्धत रोहिणीपासून दूर राहते, परंतु तिची पकड, विशेषतः मान फिरविताना, तेवढी पक्की नसते आणि कमानीत फट असेल तर तार बांधावयाची कशाला? १९८७ मध्ये मागेर्ल यांनी दोन्ही मणक्यांच्या सांध्यातून आरपार जाणाऱ्या स्क्रूची पद्धत प्रसिद्ध केली. पकड उत्कृष्ट, पण स्क्रूचा एकच लांब मार्ग अक्षातील रोहिणीला लागून जातो. अमेरिकेतील मज्जाशल्यचिकित्सकांची एक पाहणी १९९८ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत अशा १३१८ रुग्णांपैकी ४.१ टक्के रुग्णांत रोहिणीला इजा झाल्याचे निश्चित अथवा संशयित आढळले. यांपैकी फारच थोड्यांना कायमची हानी झाली, ही त्यातील दिलाशाची बाब. जो एक रुग्ण दगावला त्याच्या दोन्ही बाजूंच्या रोहिणी जखमी झाल्या होत्या.

परळच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. अतुल गोयल व डॉ. लाहेरी यांनी १९९४ मध्ये निराळा विचार प्रसिद्ध केला. एकच लांब स्क्रू आरपार नेण्याऐवजी शिरोधराच्या पार्श्वपिंडात एक आणि अक्षात एक असे स्वतंत्र स्क्रू बसवून ते पट्टीने जोडावयाचे. प्रत्येक स्क्रूची दिशा त्या त्या हाडाप्रमाणे ठरविता येते, आणि सांधा प्रत्यक्ष उघडून सरकलेला मणका जागेवरही आणता येतो. २००१ मध्ये जर्मनीतील हार्म्स व मेल्खर यांनी वळणाऱ्या डोक्याचे स्क्रू व सळई वापरून याच तत्त्वाची पद्धत मांडली आणि ती जगभर पसरली. आज ती गोयल व हार्म्स या दोघांच्या नावांनी ओळखली जाते. एका सार्वजनिक रुग्णालयात, गर्दीच्या विभागात, आपल्याच रुग्णांवर काम करीत असताना ही पद्धत आकारास आली, हे आपल्या तरुण डॉक्टरांनी विसरू नये.

तथापि पद्धत कितीही चांगली असो, वाट रुग्णागणिक वेगळी आहे. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वीची तयारी हीच खरी सुरक्षितता. साध्या क्ष-किरण चित्रात, नेमके बाजूने काढले असल्यास, पूर्ण पूल दिसू शकतो. अर्धवट पूल व उंच चढलेली रोहिणी यांसाठी मात्र बारीक छेदांचे सीटी स्कॅन हवे, आणि तेही तिन्ही दिशांतून पाहिलेले. त्यासोबत रंगद्रव्य देऊन केलेले रोहिणीचे सीटी हवे. त्यातून रक्तवाहिनी कोठून जाते एवढेच नव्हे, तर दोन्हींपैकी कोणती मोठी, हेही कळते. पुष्कळ माणसांत डावी मोठी असते. काहींत एक रोहिणी धाग्यासारखी बारीक असून सारा भार दुसरीवर असतो. त्या दुसरीच्या बाजूस जोखीम घ्यावयाची किंवा कसे, हे आधी ठरवावे, ऐन वेळी नव्हे. वाट अरुंद असेल तर आखूड स्क्रू, मागील काट्याशेजारच्या पातळ भागात तिरपा बसविलेला स्क्रू, किंवा एका बाजूस तारेचा आधार, असे पर्याय हाताशी आहेत. आता तर स्कॅनवरून रुग्णाच्या मणक्यांची हुबेहूब प्रतिकृती छापून तिच्यावर आधी सराव करता येतो.

शस्त्रक्रियेत मागील कमान मोकळी करताना मध्यरेषेपासून सुमारे एक ते दीड सेंटिमीटरच्या आत राहावे, हा जुना दंडक आजही पाळावा. आणि इतकी काळजी घेऊनही रोहिणी फाटलीच, तर रक्तस्राव दाबून थांबवावा व दुसऱ्या बाजूस स्क्रू घालू नये. एक रोहिणी गेली तरी बहुधा माणूस वाचतो. दोन्ही गेल्या तर वाचणे कठीण. १९९८ च्या पाहणीतील त्या मृत्यूचा अर्थ हाच. हा नियम शस्त्रक्रियागृहातील परिचारिकेलाही माहीत असावा, असे मला वाटते. घाबरलेल्या क्षणी आठवण करून देणारा आवाज कोणाचाही असला तरी चालतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेपूर्वी मोठ्याने वाचावयाची सुरक्षा-सूची दिली, तिच्यामागेही हाच विचार आहे.

क्ष-किरणतज्ज्ञांना माझी एक विनंती आहे. मानेच्या स्कॅनचा अहवाल लिहिताना ‘विशेष काही नाही’ या शब्दांवर थांबू नये. पूल आहे वा नाही, कमान पूर्ण आहे वा नाही, रोहिणी किती वर चढली आहे, कोणती मोठी आहे आणि मणके कोठे जुळले आहेत, हे चार ओळींत लिहावे. जुळलेले मणके न लिहिल्यामुळे मोजणी चुकते आणि भलत्याच पातळीवर शस्त्रक्रिया होण्याचा संभव निर्माण होतो. जिल्ह्याच्या ठिकाणी काढलेला स्कॅन मुंबई-पुण्याच्या रुग्णालयात जातो, पण सोबत नुसता कागद जातो, चित्रे जात नाहीत. रुग्णाच्या नातलगांनी मूळ चित्रे व तबकडी जपून ठेवावी. ते नुसते वीज देयकासारखे कागद नाहीत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत मज्जाशल्यचिकित्सेचा अंतर्भाव आहे. तेव्हा खर्चाच्या भीतीने तपासणी टाळण्यापूर्वी रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे चौकशी करावी.

भूलतज्ज्ञांचाही येथे मोठा संबंध आहे. पोटाची किंवा घशाची साधी शस्त्रक्रिया असली तरी श्वासनलिकेत नळी घालताना मान मागे वाकवितात. आमवाताचे जुने रुग्ण, डाउन विकाराची मुले, आखूड मानेची माणसे यांच्यात हे दोन मणके सैल असू शकतात. अशांची मान आधी तपासावी.

आणि जाता जाता केशकर्तनालयाविषयी. दाढी-मालिश झाल्यावर मान दोन्ही बाजूंस झटक्याने फिरवून ‘कट्’ असा आवाज काढण्याची आपल्याकडे आवड आहे. त्या झटक्याने रोहिणीचे आतले अस्तर फाटून मेंदूचा रक्तपुरवठा खंडित झाल्याची उदाहरणे वैद्यकात नोंदलेली आहेत. कारागिरावर माझा रोष नाही. त्याला नम्रपणे ‘मान नको’ एवढे सांगावे.

ही सारी माहिती आली ती शवविच्छेदनाच्या टेबलावरून व सुट्या हाडांच्या पेट्यांतून. आपल्या राज्यात १९४९ च्या शरीररचनाशास्त्र अधिनियमामुळे वैद्यकीय महाविद्यालयांना मृतदेह मिळण्याची कायदेशीर सोय झाली. पुढे स्वेच्छेने देहदान करणारेही पुढे आले. ज्यांना तसे करावयाचे असेल त्यांनी जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागात अर्ज भरावा आणि घरच्यांना आधी सांगून ठेवावे, कारण त्या वेळी निरोप देण्याचे काम त्यांनाच करावयाचे असते.

व्यासपीठाशेजारच्या मेजावर चार शिरोधर व दोन अक्ष मणके मांडून ठेवले आहेत. डावीकडून तिसऱ्या शिरोधरावर उजव्या बाजूस पूर्ण पूल आहे, डाव्या बाजूस अर्धवट. त्याखालून एक लाल दोरा ओवलेला आहे, तो रोहिणीचा. ज्यांना पाहावयाचे असेल त्यांनी रांगेने यावे. हाडे हातात घेण्यास हरकत नाही, मात्र दोरा ओढू नये.